बर्नाबेच्या धनुष्याची दोरी

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ही वही मला नर्स डेसीने दिली. रक्तदाबाची गोळी घेतली की रोज एक बरोबरची खूण करायची, एवढंच काम. साठ पानांची वही आणि रोज एक खूण! एवढा कोरा कागद वाया घालवायला मी काय शहरातली आहे? मिशनच्या शाळेत दोन वर्षं गेले होते, अक्षरं येतात. म्हणून ठरवलं, खूण करायची आणि उरलेल्या जागेत मनातलं लिहायचं. वाचणार कोण? म्हाताऱ्याला वाचता येत नाही.

म्हातारा म्हणजे बर्नाबे, माझा नवरा. मी असुन्ता.

आजकाल वह्यांमध्ये रेघा फार फिकट छापतात. शाई वाचवतात मेले. मी आपली मिर्ताचा जाड काळा पेन घेऊन मोठं मोठं लिहिते.

तर आनंदाची बातमी ही की मी पणजी होणार आहे! माझ्या नातीचे, मिर्ताचे, दिवस भरत आलेत. नर्स म्हणते महिनाअखेरीला. मिर्ताची आई, म्हणजे माझी लेक, दूर सांताक्रूझ शहरात लोकांच्या घरी स्वयंपाक करते, तिला सुट्टी नाही. तेव्हा सगळं माझ्यावर. मला तर पाय जमिनीवर ठेववत नाहीत. सकाळी कोंबड्यांनासुद्धा सांगितलं.

आता काळजीची बातमी. आमच्या रीतीप्रमाणे मिर्ताला कळा सुरू झाल्या की तिच्या नवऱ्याने, एलीसेओने, रानात जायचं. पहिलं जे जनावर पडेल त्याचं नाव बाळाला. ते घेऊन परत यायचं आणि स्वतःच्या हाताने नाळ कापायची. चर्चमधलं नाव वेगळं, दाखल्यावरचं वेगळं. पण घरात, भांडणात आणि मरताना हाक मारायचं नाव हेच. आणि ते बंदुकीने मिळवलेलं चालत नाही, धनुष्यच हवं.

एलीसेओ त्रिनिदाद शहरात मोटरसायकलवरून माणसं पोचवतो. चांगला मुलगा आहे. पण धनुष्य? त्याला माहीत आहे ते हँडल.

आणि त्याचं स्वतःचं रानातलं नाव काय, तर घूस. त्याच्या जन्माच्या वेळी त्याच्या बापाला टापीर दिसला होता, दहा पावलांवर, गाईएवढा. बापाने दोरी ओढली आणि दोरी कट्‌कन तुटली. टापीर गेला. परत येताना चिडून काठीने एक रानघूस मारली, तेच नाव लागलं. पंचवीस वर्षं झाली, अजून गावात त्याला ‘ए घुशी’ म्हणतात. परवा माझ्याजवळ बसून म्हणाला, “आजी, मला काय व्हायचं ते झालं. पण माझ्या लेकराला असलं नाव नको.” डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. निदान आवाजात तरी होतं.

गोळी घेतली.

६ ऑक्टोबर

एलीसेओला धनुष्य बर्नाबेचं मिळणार. गावात जुन्या मापाचं तेवढंच उरलंय, चोंटा ताडाचं, बर्नाबेहून दोन हात उंच. लाकडाला काही झालेलं नाही. प्रश्न दोरीचा आहे.

आमच्यात लाकूड पुरुषाचं आणि दोरी बाईची. अंबाइबो झाडाच्या सालीची, मांडीवर वळलेली. या धनुष्यावरची दोरी मीच वळलेली आहे, पण तीन पावसाळ्यांपूर्वी. तीन! माझी आई दुसरा पावसाळा बघू देत नसे. मी म्हाताऱ्याला म्हटलं, “दोरी बदलू या.”

“कशाला? चांगली आहे.”

“ओठाला लावून बघितलीस? तंतू उठले असतील.”

“तुझ्या ओठाला काय, मी दाढी केली तरी तंतू लागतात.”

“मेण पितेय का अजून?”

“पितेय, पितेय. माझ्यापेक्षा जास्त पिते.”

असा माणूस! मधमाशीचं मेण घेऊन रोज तिला चोळत बसतो, जसं काही सोन्याची साखळी आहे. मी सांगते, दोरी कशी बघायची. खालच्या ओठावरून फिरवायची. नवी दोरी सापासारखी जाते, जुनी मांजराच्या जिभेसारखी. मग ताणून कानापाशी बोट मारायचं. गुणगुणली तर ठीक, खोकली तर गेली. आणि बाणाची खाच जिथे बसते तिथे नखाने चाचपायचं, दबून चपटी झाली असेल तर संपलं. डोळ्यांनी बघून काही कळत नाही. माझी आई म्हणायची, चांगली असतानाच बदलायची. तुटल्यावर बदलतात तिला बदलणं म्हणत नाहीत.

हे सगळं सांगितलं तर म्हातारा म्हणतो, “असुन्ता, तुझे हात आता आराम करू देत.” माझे हात! मी आजही एका हाताने कोंबडी धरते आणि दुसऱ्या हाताने त्याला.

७ ऑक्टोबर

गोळी घेतली. केळी कुटून मसाको केला, छान मऊ झाला होता. म्हातारा म्हणाला मीठ दोनदा पडलंय. पडलं असेल एकदाच, त्याचीच जीभ म्हातारी झालीय.

११ ऑक्टोबर, शनिवार

मी माझं ठरवलं आणि केलं. मिर्ताला बरोबर घेऊन ओढ्याकडे गेले आणि कोवळ्या अंबाइबोची साल काढून आणली. त्या झाडाच्या पोकळीत मुंग्या असतात, त्या मला अशा चावल्या की मी दोन स्तोत्रं आणि चार शिव्या एका दमात म्हटल्या. मिर्ता हसून हसून खाली बसली, मग उठता येईना, मग मला तिला ओढावं लागलं. आम्ही दोघी तिथे बैलासारख्या हंबरत होतो.

यंदा धूर फार आहे. रानं जाळतात, त्याचा. सगळं कसं दुधातून बघितल्यासारखं. मिर्ताला म्हटलं, “काय हा धूर!” ती म्हणाली, “हो आजी.” पण जरा उशिराने म्हणाली.

घरी येऊन साल सोलली, आतला पांढरा भाग खरवडला, तंतू काढले. मिर्ता म्हणाली, “आजी, मलाही शिकव.” मी तिला लहानपणी शिकवलं होतं, पण ती डावखुरी. डाव्या मांडीवर वळते, त्यामुळे पीळ उलटा पडतो. माझ्या आईने बघितलं असतं तर पाण्यात बुडवून काढलं असतं. मी म्हटलं, “बाई, तू बाळाला शिकव, दोरी राहू दे.” तरी ती माझ्या शेजारी बसून राहिली. तंतू कुठे जोडायचा, किती जाड, कुठे थुंकी लावायची, दहा वेळा विचारलं. उरलेले तंतूही मागून घेतले. म्हटलं कशाला? म्हणे, झोळी बांधायला.

बाळाची झोळी! मला इतकं भरून आलं की सगळी जुडीच देऊन टाकली.

१४ ऑक्टोबर

दोरी झाली! तीन दिवस लागले. पूर्वी एका दिवसात व्हायची, पण पूर्वी धूर नव्हता. म्हाताऱ्याच्या हातात दिली. त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं फिरवली, हळू हळू, आणि म्हणाला, “असुन्ता, फार सुंदर.”

“मग लाव.”

“आत्ता नको. हिला जपून ठेवतो.”

“दोरी जपून ठेवायची असते का? ती काय लग्नातली चोळी आहे?”

“मोठ्या दिवसासाठी ठेवतो,” म्हणाला. बरं.

१५ ऑक्टोबर

माझी दोरी केळ्यांच्या घडाला बांधलेली सापडली! छपराच्या वाशाला घड, आणि घडाला माझी तीन दिवसांची मेहनत. मी अशी ओरडले की शेजारची एउलालिया कुंपणापाशी धावत आली. एउलालिया म्हणजे एलीसेओची आई, माझी विहीण. तिला वाटलं कळाच सुरू झाल्या.

म्हातारा म्हणाला, “वजन टाकून ताणत होतो.”

“केळ्यांनी?”

“मग काय हत्ती आणू?”

एउलालियाने घडाकडे बघितलं, दोरीकडे बघितलं, आणि काहीतरी बोलणार होती. म्हाताऱ्याने दोन केळी तोडून तिच्या हातात दिली. ती गप्प गेली. केळ्याने गप्प बसणारी बाई नाही ती, म्हणून लिहून ठेवते.

गोळी घ्यायची राहिली होती, आत्ता घेतली.

१८ ऑक्टोबर

मिर्ताच्या डाव्या मांडीवर लाल लाल झालंय, सोलल्यासारखं. मी म्हटलं उष्णता आहे पोटाची. कोपैबाचं तेल लावलं. तिला तेल लावताना गाणं म्हटलं तर पोटातलं पोर लाथ मारून ताल धरतं. नक्की मुलगा. एउलालिया म्हणते मुलगी. तिचं आजवर एक भाकीत खरं ठरलेलं नाही.

मागच्या आंब्याच्या झाडाला काहीतरी लोंबतंय. खाली गोळा आहे, दगडासारखा. मी जवळ निघाले तर म्हातारा ओरडला, “तिकडे जाऊ नकोस, गांधीलमाश्यांचं पोळं आहे!” मी लगेच मागे. मागे एकदा नाकावर चावल्या होत्या, आठवडाभर डुक्कर दिसत होते.

२० ऑक्टोबर, सोमवार

पाऊस पडला, चांगला दोन तास. अंगण धुऊन निघालं. धूर मात्र हटला नाही, ब्राझीलकडून येत असणार. नर्स डेसी मिर्ताला तपासायला आली होती. जाता जाता माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाली, “आजी, धूर बाहेर नाही हो.” मग म्हणाली नोव्हेंबरच्या एकोणीस तारखेला त्रिनिदादला डोळ्यांचे डॉक्टर येणार आहेत, नाव लिहू का? मी म्हटलं, बाई, माझी पणती नाहीतर पणतू येतोय, मला डॉक्टरसाठी कुठला वेळ. शहरातली पोर. तिला काय कळणार रानातला धूर.

२२ ऑक्टोबर

एलीसेओ रोज संध्याकाळी सराव करतो. आज काय झालं ते लिहिताना मला हसू आवरत नाही. नेम धरला पपईवर आणि बाण गेला एउलालियाच्या वाळत घातलेल्या परकरातून आरपार. ती बाहेर आली, परकर उचलून भोकातून बघितलं आणि म्हणाली, “शाब्बास! बाळाचं नाव परकर ठेवू या.”

“आई, गप बस ना!”

“तुझा बाप निदान टापीर दिसेपर्यंत तरी पोचला होता रे, घुशी.”

पोराचा चेहरा पडला. एउलालियालाही कळलं असावं, कारण तिने पुढे त्याला चिवेचा मोठा वाडगा आणून दिला, कसाव्याचं पीठ जास्त आणि पाणी कमी, घट्ट. मी त्याला म्हटलं, “अरे, तुझ्या हाताचा दोष नाही. जुनी दोरी आहे, ती बाणाला ढकलत नाही, नुसती निरोप देते.”

म्हातारा म्हणाला, “दोरी ठीक आहे. कोपर वर धर, पोरा.”

मला आता राग आला आहे. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याची दोरी तुटली तोही हेच म्हणत होता, ठीक आहे. म्हाताऱ्याला त्या दोरीचा मोह आहे. तिने एकदा दोन डुकरं एका दिवशी मारली होती, म्हणून. त्याच्या मोहापायी माझ्या पणतवंडाला जन्मभर कोळी नाहीतर सरडा म्हणतील!

२५ ऑक्टोबर, शनिवार

मी बदलली.

म्हातारा आणि एलीसेओ मासे धरायला गेले होते. धनुष्याचा ताण उतरवून ते दाराशी उभं केलेलं होतं. मी बाकावर चढले, वरची गाठ सोडली, मग खालची, जुनी काढली. तिला तांदळाच्या डब्यात लपवली. केळ्यांच्या घडाची माझी नवी दोरी सोडली, घड खाली ठेवला आणि ती धनुष्याला बांधली. वरची गाठ मारताना जरा चाचपडावं लागलं, धुरामुळे. पण अशी बसवली की राणीच्या गळ्यात हार.

चढवून बघायची ताकद माझ्यात नाही, ते लाकूड वाकवायला पुरुष लागतो. बर्नाबे आल्यावर केळी खाली बघून म्हणाला, “घड का उतरवला?” मी म्हटलं, पिकला. घड हिरवागार होता.

२६ ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये लक्ष लागलं नाही. नवी दोरी निदान चार दिवस ताणावी लागते, नुसत्या केळ्यांनी नव्हे, शंभरेक बाण सोडावे लागतात, तेव्हा ती स्थिरावते. हे मला माहीत नाही का? मीच सगळ्यांना सांगत आले. आणि मीच न ताणलेली दोरी बांधून बसले. आज कळा सुरू झाल्या तर? प्रवचन चालू असताना मी देवाला म्हटलं, दोन दिवस दे. आज सराव नाही, रविवार.

२७ ऑक्टोबर

म्हाताऱ्याला सांगावं की नाही? सांगितलं तर तो जुनीच बांधेल. नाही सांगितलं तर न ताणलेली. रिमझिम होती म्हणून आजही सराव झाला नाही. दुपारी म्हातारा धनुष्य घेऊन घराच्या मागे गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा म्हटलं, “एवढा वेळ कुठे होतास?” म्हणाला, “पोट बिघडलंय.” धनुष्य घेऊन कोण जातं पोट बिघडल्यावर? पण मी पुढे विचारलं नाही, कारण तोही काही विचारत नव्हता. त्याला कळलं नाही म्हणजे दोरी छान बसली असणार.

मागचं गांधीलमाश्यांचं पोळंही नाहीसं झालंय. पावसाने पळाल्या असतील.

गोळी घेतली. दोन घेतल्या वाटतं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

काल लिहायला फुरसत नव्हती. आज सगळं लिहिते, क्रमाने, एकही गोष्ट न सोडता.

काल सकाळी मी उखळात केळी कुटत होते. मिर्ता आली आणि म्हणाली, “आजी, पाठीत दुखतंय.” मी मुसळ टाकलं आणि अशी हाक मारली की निम्मं गाव आलं. एलीसेओ चहा अर्धा सोडून उठला. बर्नाबेने धनुष्य चढवलं, कानापाशी धरलं आणि दोरीवर बोट मारलं.

काय गुणगुणली! मी शेगडीपाशी होते, तिथपर्यंत आली. स्वच्छ, एका सुरात, भुंगा जसा दुधीच्या फुलात शिरतो तशी. मी स्वतःशीच म्हटलं, असुन्ता, हात अजून तुझेच आहेत.

मग एलीसेओ मोटरसायकलवर बसला आणि धनुष्य आडवं धरलं. फाटकात अडकलं. उभं धरलं, तर आंब्याच्या फांदीत अडकलं. एउलालिया ओरडली, “अरे, पोर कॉलेजात जाईपर्यंत तरी बाहेर पड!” शेवटी बर्नाबेने ते लांबीला बांधून दिलं, पुढे गाढवाच्या नाकासारखं निघालेलं, आणि गेला एकदाचा.

आम्ही बायका मिर्ताच्या निजायच्या झोळीभोवती. नर्स डेसी तिची पेटी घेऊन आली. मिर्ताने माझा हात असा दाबला की बोटांचे सांधे अजून बोलतायत. मी तिला मुंग्यांची गोष्ट आठवून दिली, ती कळांच्या मधे हसली, आणि हसता हसताच बाळ आलं. मुलगी! एउलालियाचं भाकीत खरं ठरलं. आता वर्षभर ऐकावं लागणार.

नाळ तशीच. नर्सने तिला चिमटा लावला आणि म्हणाली, “आता कापू?” आम्ही सगळ्या एकदम म्हटलं, “बाप येऊ दे!” आमचं आधीच ठरलं होतं, चिमटा तिचा आणि कापणं बापाचं. नर्स घड्याळ बघत बसली. अर्धा तास. पाऊण तास. मिर्ता नुसती दाराकडे बघे. मी मनात म्हणत होते, तुटली. न ताणलेली होती, तुटली असणार. मीच बांधली, मीच माझ्या पणतीला सरडा केलं. एवढी भीती मला माझ्या स्वतःच्या बाळंतपणातही वाटली नव्हती.

“माझी घूस कुठे झोपली असेल?” एउलालिया म्हणाली, पण तिचाही आवाज बारीक झाला होता.

आणि मोटरसायकल वाजली.

पोरगा आत आला तो धुळीने माखलेला आणि खांद्यावर तांबूस माकड, मोठा नर, पहाटे सगळ्या रानाला उठवणारं बोंबलं माकड! म्हणाला, टापीर दिसला होता, पण मोटरसायकल लावेपर्यंत निघून गेला. मग झाडाच्या शेंड्यावर हे बोंबलत होतं. पहिला बाण फांदीत. दुसऱ्याला कोपर वर धरलं आणि पार कानापर्यंत ओढलं. “आजोबा, हू की चू केलं नाही दोरीने! मला वाटलं मीच तुटेन.”

बर्नाबेने मिर्ताकडे बघितलं. मिर्ता छपराकडे बघायला लागली. बाळंतीण, थकलेली.

नर्सने बांबूची पाती स्पिरिटने पुसून दिली, एलीसेओने नाळ कापली, आणि माझ्या पणतीने असा गळा काढला, असा गळा काढला की बाहेरच्या कोंबड्या उडाल्या. सगळे हसायला लागले. नाव ठेवायची गरजच नव्हती. तीच सांगत होती. एलीसेओ भिंतीला टेकून बसला, माकडाच्या शेपटीने डोळे पुसत. एउलालियाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याला त्याच्या दाखल्यावरच्या नावाने हाक मारली. मी तरी पहिल्यांदाच ऐकली.

मी सगळ्यांना विचारलं, “आणि दोरी कोणाची होती?” एउलालियाने तोंड उघडलं, म्हाताऱ्याने पुन्हा केळं दिलं. मग तो म्हणाला, “दोरी चांगलीच होती, असुन्ता.” तेवढंच! चाळीस वर्षांत या माणसाला धड कौतुक करता आलं नाही.

बाळाला अजून भुवया आलेल्या नाहीत. येतील. एउलालिया म्हणते, “बघा, बर्नाबेसारख्या दाट भुवया!” काहीही बोलते.

१ नोव्हेंबर, शनिवार

शिकारीनंतर दोरी उतरवून तपासणं हे वळणारीचं काम. आज सवड झाली. दारात बसले, डोळे मिटले आणि दोरी ओठावरून फिरवली.

पीळ उलटा होता.

पुन्हा फिरवली. या टोकाकडून, त्या टोकाकडून. बोटांनी चाचपली. एकसारखी, तांदळाच्या दाण्याएवढीसुद्धा गाठ नाही, आणि सगळा पीळ डावीकडे. असा पीळ आमच्या घरात एकाच मांडीवर पडतो.

मग एकेक आठवायला लागलं. झोळी बांधायला घेतलेली जुडी. डाव्या मांडीवरची उष्णता. आंब्याला लोंबणारं पोळं, ज्याचा गोळा दगडासारखा होता कारण तो दगडच होता, आणि वर दोरी ताणत होती. दहा दिवस! मी तिथून पंधरा पावलांवर कपडे धूत होते.

म्हातारा समोर कोंबड्यांना दाणे टाकत होता, कमरेला काहीतरी जाडंभरडं बांधलेलं. मी म्हटलं, “इकडे ये, विजारीला काहीतरी लागलंय.” तो आला. मी कमरेला हात लावला. विजार बांधलेली होती ती माझ्या नव्या दोरीने. मी बोटं फिरवली. बाप रे! मक्याच्या कणसासारखी. इथे जाड, तिथे बारीक, एके ठिकाणी तर तंतू जोडलेलाच नव्हता, नुसता शेजारी ठेवलेला. ही मी ओढायला दिली असती, पहिल्या बाणाला गेली असती.

“काय लागलंय?” तो म्हणाला.

“काही नाही. माती.”

तो गेला. तांदळाच्या डब्यातली जुनी दोरी काढून बघितली. तीन पावसाळ्यांची, चपटी झालेली, मेण चोळून चोळून काळी. पण पीळ कसा! माझाच आहे तो. म्हणून मेल्याला ती सोडवत नव्हती.

आधी रडले, खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. मग विजार आठवली आणि हसायला आलं. मग बाळ उठलं म्हणून आत गेले, तिला उचललं आणि नाकाला नाक लावलं, अगदी जवळ. तिला भुवया आहेत. दाट आहेत. बर्नाबेसारख्या.

बाहेर बघितलं. परवा पुन्हा पाऊस झालाय, कोणी काही जाळत नाहीये. तरी आंब्याचं झाड दुधातच उभं होतं.

३ नोव्हेंबर, सोमवार

नर्स डेसी बाळाचं वजन करायला आली. मी म्हटलं, “ते एकोणीस तारखेचं नाव लिहून टाक. असुन्ता, वय लिही पासष्ट, जास्त लिहू नकोस.” तिने माझ्याकडे बघितलं आणि पासष्टच लिहिलं. शहाणी पोर आहे. एलीसेओ नेणार मला मोटरसायकलवर. गावात त्याला आता ‘बोंबलीचा बाप’ म्हणतात. काल दोनदा उगीचच दुकानात गेला, ऐकायला.

घरात मी कोणाला काही बोलले नाही. म्हाताऱ्याने विचारलं, “दोरी तपासलीस?” म्हटलं, “तपासली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत जाईल, मग बदलायची. चांगली असतानाच.”

तो म्हणाला, “तू म्हणशील तसं.” विजार वर ओढली आणि गेला.

दुपारी ओढ्यावर गेले, अंबाइबोची साल आणली, मुंग्यांकडून हक्काचं चावून घेतलं. आतला पांढरा भाग खरवडला, तंतू काढले, एवढं अजून बोटांना येतं. चांगली जाड जुडी झाली. ती मिर्ताच्या मांडीवर ठेवली, डाव्या.

ती गोंधळली. “आजी, हे कशाला?”

“झोळी बांधायला,” म्हटलं.

गोळी घेतली. एकच.